युबारी: दिवाळं निघालेल्या शहराचा शेवटचा हप्ता

जपानच्या उत्तरेला होक्काइडो बेटावर युबारी नावाचं एक छोटं शहर आहे. तिथल्या पालिकेने आपल्या संकेतस्थळावर एक घड्याळ लावलं. ते वेळ नाही, कर्ज दाखवतं. शहराच्या डोक्यावर किती येन उरले तो आकडा सेकंदागणिक खाली उतरताना दिसतो. ठरलेल्या वेळापत्रकानुसार मार्च २०२७ मध्ये शेवटचा हप्ता जाईल आणि घड्याळ शून्यावर येईल.

बातम्यांत युबारीची ओळख एका ओळीत होते: ‘जपानचं दिवाळखोर शहर’. ते वाचून कोणालाही प्रश्न पडेल की शहराचं दिवाळं निघतं म्हणजे नेमकं काय होतं? दुकानाचं निघालं तर शटर खाली येतं, मालाचा लिलाव होतो, मालक गाव सोडतो. शहराला शटर नसतं. सकाळी नळाला पाणी यावंच लागतं, कचरा उचलावाच लागतो, आणि होक्काइडोत तर रस्त्यावरचा बर्फही रोज बाजूला करावा लागतो.

आधी गाव कुठलं, ते बघू

साप्पोरोपासून पूर्वेला साधारण साठ किलोमीटरवर डोंगरांच्या बेचक्यात हे शहर आहे. ‘युबारी’ हे नाव मूळच्या ऐनू लोकांच्या भाषेतून आलंय. खनिजयुक्त पाण्याचे झरे जिथून निघतात ती जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. क्षेत्रफळ ७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा मोठं. पण त्यातलं बहुतेक जंगल. माणसं राहतात ती नदीकाठच्या चिंचोळ्या खोऱ्यात, एकामागोमाग एक वस्त्या करून. गाव असं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं लांबच लांब पसरलेलं असणं पुढे फार महाग पडणार आहे, तेवढं लक्षात ठेवा.

१८८८ साली बान इचितारो नावाच्या सर्वेक्षकाला इथे डोंगराच्या कुशीत कोळशाचा उघडा थर सापडला. तब्बल सात मीटरच्या पुढे जाडीचा. आजही तो तिथल्या कोळसा संग्रहालयाच्या आवारात बघायला मिळतो. दुमजली घराएवढी काळी भिंत, वर माती आणि झाडं. १८९० मध्ये खाण सुरू झाली, १८९२ मध्ये रेल्वे आली, १९४३ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. भरभराटीच्या काळात इथे लहानमोठ्या २४ खाणी होत्या आणि १९६० साली लोकसंख्या होती १ लाख १६ हजारांच्या वर.

खाणकामगारांचं गाव म्हटल्यावर जेवणही तसंच. इथला खास पदार्थ म्हणजे करी सोबा: घट्ट, झणझणीत करीच्या रश्शात बुडवलेल्या सोबा शेवया. पाळी संपवून वर आलेल्या माणसाला पोटभर आणि गरमागरम हवं असायचं. आपल्याकडची करी इंग्रजांच्या हातून जपानला पोचली आणि फिरत फिरत या खोऱ्यात येऊन शेवयांवर पडली, याची मला तरी गंमत वाटते.

कोळसा गेला, खर्च राहिला

साठच्या दशकात जपान कोळशावरून खनिज तेलाकडे वळला. जो कोळसा लागायचा तोही परदेशातून स्वस्त मिळू लागला. युबारीच्या खाणी तोवर खोल खोल गेल्या होत्या, आणि खोलीबरोबर वायूचा धोकाही वाढला होता.

१६ ऑक्टोबर १९८१ रोजी एका नव्या खाणीत वायूचा उद्रेक झाला, मग आग लागली. ९३ माणसं गेली. आग विझेना तेव्हा खाणीत पाणी सोडायचं ठरलं. त्या ९३ पैकी ५९ जण तेव्हा अजून आत बेपत्ता होते. कंपनीचे अध्यक्ष त्यांच्या घरोघरी जाऊन संमती मागत फिरले. २३ ऑक्टोबरला पाणी सोडलं. युबारीच्या कहाणीत पुढे आकडेच आकडे येतात, पण गावातल्या लोकांसाठी गोष्ट इथून सुरू होते.

पुढच्याच वर्षी ती खाण बंद झाली. १९८५ मध्ये दुसऱ्या एका खाणीत ६२ जणांचा बळी गेला. १९९० मध्ये शेवटची खाण बंद पडली.

आता खरा मुद्दा. खाणगावात कंपनी म्हणजे केवळ नोकरी देणारी नसते. घरं तिची, दवाखाना तिचा, पाण्याची सोयही तिची. कंपनी निघून गेली, पण घरांत माणसं राहत होती आणि दवाखान्यात रुग्ण होते. ते सगळं पालिकेच्या पदरात पडलं. हजारो कामगार-घरं, रस्ते, इस्पितळ असं सगळं ताब्यात घेऊन चालवण्यावर पालिकेचे ५,८३० कोटी येन खर्च झाले. ढोबळमानाने एक येन म्हणजे आपले साठ पैसे धरा. त्यातला काही भाग सरकारी मदतीतून आला, उरलेला कर्जातून. जी कंपनी करापोटी पैसे देणार होती, तीच बुडाली होती.

एकत्र कुटुंबातला कमावता भाऊ घर सोडून गेला, आणि जाताना घराचे हप्ते, म्हातारे आईवडील आणि गळकं छप्पर धाकट्याच्या गळ्यात घालून गेला, असं समजा. धाकटा उधळ्या होता की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

उधळ्या होता का?

होता, थोडासा. १९७९ ते २००३ अशी चोवीस वर्षं तेत्सुजी नाकाता महापौर होते. जपानमधला महापौर थेट लोकांनी निवडलेला असतो आणि कारभारही तोच चालवतो. आपल्याकडचे महापौर आणि आयुक्त एकाच खुर्चीत बसलेत असं म्हणा. नाकातांची घोषणा होती: ‘कोळशाकडून पर्यटनाकडे’. मग कोळशाच्या इतिहासाचं गाव उभं राहिलं, त्यात संग्रहालय आणि आकाशपाळणे आले. १९९० मध्ये चित्रपट महोत्सव सुरू झाला. तो खरोखर गाजला. हॉलिवूडचा दिग्दर्शक क्वेंटिन टॅरॅन्टिनो तिथे येऊन गेला आणि पुढे आपल्या एका पात्राला त्याने ‘गोगो युबारी’ हे नाव दिलं. मुख्य रस्त्यावर जुन्या सिनेमांचे हाताने रंगवलेले फलक लागले.

लोक आले, पण पुरेसे नाही. आणि जे आले ते साप्पोरोहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे. बर्फात घसरण्याचा एक मोठा डोंगर एका खासगी कंपनीकडे होता. तिने पाय मागे घेतल्यावर २००२ मध्ये पालिकेने तो २६० कोटी येनला विकत घेतला. बंद पडला तर गावातल्या नोकऱ्या जातील, ही भीती होती.

नाकातांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. खाणी बंद होत असताना ‘काही करू नका, हळूहळू गाव रिकामं होऊ द्या’ असं म्हणणारा उमेदवार कुठेही निवडून येत नाही. लोकांनी त्यांना सहा वेळा निवडून दिलं. शिवाय खाणगावांना मदत देणारा राष्ट्रीय कायदा चालू होता, तोवर केंद्राकडून पैसा येतही होता. तो कायदा २००१ मध्ये संपला आणि जमिनीखालचा आधारच सरकला.

मग इतकी वर्षं कळलं कसं नाही?

या प्रकरणातला सगळ्यात चमत्कारिक भाग हा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

जपानचं आर्थिक वर्षही आपल्यासारखंच १ एप्रिल ते ३१ मार्च. पण तिथल्या पालिकांना हिशेब जुळवायला आणखी दोन महिने मिळतात. एप्रिल आणि मे मध्ये आलेला-गेलेला पैसा, तो जुन्या वर्षाचा असेल तर, जुन्या वर्षात टाकता येतो. हेतू साधा आहे: मार्चअखेर केलेल्या कामाचं बिल एप्रिलमध्ये येतं, त्याची सोय. पण या दोन महिन्यांत जुनी आणि नवी अशा दोन्ही वह्या उघड्या असतात.

समजा तुमच्या घरात दोन वह्या आहेत. एक घरखर्चाची, एक दुकानाची. दुकानाला घराकडून एक लाख दिलेत आणि मार्चअखेर ते परत यायला हवेत. दुकान तोट्यात, परत येणार कुठून? मग एप्रिलमध्ये तुम्ही घराच्या नव्या वर्षाच्या पैशातून दुकानाला एक लाख देता. दुकान तेच पैसे घराला परत करतं, पण ‘जुन्या वर्षाची परतफेड’ म्हणून. झालं! जुन्या वर्षाच्या दोन्ही वह्या चोख. नव्या वर्षाला मात्र पहिल्याच महिन्यात एक लाखाचं भगदाड. पुढच्या एप्रिलला पुन्हा तेच, फक्त आता त्यात दुकानाचा वर्षभराचा नवा तोटाही मिळवायचा.

युबारीत ‘घर’ म्हणजे पालिकेचं मुख्य खातं आणि ‘दुकान’ म्हणजे पर्यटन, इस्पितळ वगैरेंची वेगळी खाती. हातात रोकड दिसावी म्हणून बँकांकडून अल्पमुदतीची उचल घ्यायची, आपल्या भाषेत हातउसने. याची टोपी त्याला, त्याची टोपी याला, हे वर्षानुवर्षं चाललं. कोणी पैसे खिशात घातले अशी ही गोष्ट नाही. हिशेबाच्या वहीत सगळं वरवर नियमात बसवलेलं होतं आणि बँका कर्ज देत राहिल्या, कारण जपानमध्ये पालिका बुडत नाही असं सगळेच धरून चालत.

जून २००६ मध्ये हे बाहेर फुटलं. ६ मार्च २००७ रोजी युबारीला अधिकृतपणे ‘पुनर्रचनेखालचं’ शहर जाहीर केलं गेलं. भरून काढायचा खड्डा ३,५३० कोटी येनचा होता, तर पालिकेचं नेहमीचं वार्षिक उत्पन्न सुमारे ४५० कोटी. म्हणजे वर्षाला साडेचार लाख कमावणाऱ्या घरावर पस्तीस लाखांचं थकलेलं देणं. तेव्हा तिथे तेराएक हजार लोक होते. माणशी २७ लाख येन, तान्ही बाळं धरून.

‘दिवाळं’ म्हणजे मग झालं काय?

पालिकेच्या तिजोरीची किल्ली टोकियोला गेली, असं थोडक्यात सांगता येईल. अंदाजपत्रकात लहानसा बदल करायचा तरी केंद्रीय मंत्र्यांची संमती हवी. कर वाढले, गटाराची आणि कचऱ्याची पट्टी वाढली. १७१ खाटांचं इस्पितळ १९ खाटांच्या दवाखान्यावर आलं. ग्रंथालय बंद झालं. शाळा एकत्र करत करत एक प्राथमिक आणि एक माध्यमिक एवढ्याच उरल्या. महापौरांचा पगार सत्तर टक्के कापून महिना २ लाख ५९ हजार येनवर आणला. कर्मचाऱ्यांचा सरासरी तीस टक्के कापला, आणि मार्च २००७ अखेर निम्म्याच्या आसपास कर्मचारी नोकरी सोडून गेले. वरिष्ठ तर जवळजवळ सगळेच.

जे उरले त्यांच्यावर दुप्पट काम. आणि पालिकेच्या इमारतीतली ऊब संध्याकाळी पाचला बंद व्हायची, खर्च वाचवायला. बाहेर शून्याखाली दहा-पंधरा अंश. म्हणजे रात्रीपर्यंत थांबणारा कारकून अंगात जाड कोट, गळ्याला मफलर, अशा अवतारात टेबलाशी फायली उपसत बसलेला. हे चित्र पाहणाऱ्यांत टोकियो प्रांताने २००८ मध्ये मदतीला पाठवलेला एक तरुण कर्मचारी होता, नाओमिची सुझुकी. त्याने पुढे टोकियोची पक्की नोकरी सोडली, २०११ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी युबारीचा महापौर झाला आणि २०१९ मध्ये सगळ्या होक्काइडोचा राज्यपाल म्हणून निवडून आला. कापलेल्या पगारावर महापौर व्हायला टोकियोहून कोणी येईल असं २००७ मध्ये कोणाच्या स्वप्नातही नसेल.

या सगळ्यात गावाने विनोदबुद्धी मात्र गहाण ठेवली नाही. जपानी भाषेत ‘फुसाई’ म्हणजे नवराबायको, आणि दुसऱ्या अक्षरांत लिहिलं की ‘फुसाई’ म्हणजे कर्ज. गावाने ‘युबारी फुसाई’ नावाचं फाटक्या कपड्यांतलं कार्टून जोडपं बोधचिन्ह म्हणून घेतलं आणि ब्रीद केलं: पैसा नाही, पण प्रेम आहे!

कर्ज माफ का नाही केलं?

हा रास्त प्रश्न आहे. अमेरिकेत डेट्रॉइट शहराने २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा न्यायालयात कर्ज देणाऱ्यांना आपल्या रकमेच्या काही भागावर पाणी सोडावं लागलं. जपानमध्ये पालिकांसाठी तसा कायदाच नाही. तिथे ‘दिवाळं’ हा शब्द बोलण्यापुरता. कर्जाचा येन् येन फेडायचा असतो. होक्काइडो प्रांताने स्वस्त व्याजाने पैसे उचलून दिले, बँकांची देणी पूर्ण भागली. वह्या न तपासता वर्षानुवर्षं उसने देणाऱ्यांना झळ बसली नाही, आणि खाण बंद झाल्यानंतर जन्मलेल्या पोरांनी मात्र वाढीव पट्ट्या भरल्या. मला यातला अन्याय बोचतो. दुसरी बाजूही सांगायला हवी: एका पालिकेला माफी दिली असती, तर दुसऱ्या दिवशी बँकांनी जपानमधल्या प्रत्येक लहान गावाचं व्याज वाढवलं असतं.

केंद्राने धडा घेतला तो वेगळा. २००९ पासून नवा कायदा पूर्ण लागू झाला. त्यात पालिकेची सगळी खाती एकत्र मोजतात, म्हणजे घरची वही आणि दुकानाची वही शेजारी ठेवून बेरीज. त्या कायद्याखाली ‘पुनरुज्जीवन’ यादीत गेलेलं शहर आजवर एकच, युबारी. २०१० मध्ये उरलेल्या देण्याचे ३,२२० कोटी येनचे खास रोखे करण्यात आले आणि वर्षाला सुमारे २६० कोटी असे हप्ते ठरले. तो शेवटचा हप्ता आता येतोय.

लाखो येनला विकलं जाणारं खरबूज इथलंच ना? मग गाव गरीब कसं?

इथलंच. युबारी खरबूज: बाहेरून जाळीदार, आतून केशरी, इतकं मऊ की चमच्याने खावं. ज्वालामुखीच्या राखेची भुसभुशीत माती, गरम दिवस आणि गार रात्री त्याला मानवतात. १९६० च्या सुमाराला शेतकऱ्यांनी एकत्र येऊन दोन वाणांचा संकर केला, आणि बियाणं आजही त्यांच्या सहकारी संस्थेच्या हातात आहे. प्रत्येक फळ तपासून प्रतवारी होते; जाळी विरळ असली की प्रत उतरते. दर मे महिन्यात साप्पोरोच्या बाजारात पहिला लिलाव होतो. २०१९ मध्ये दोन फळांच्या एका पेटीला ५० लाख येन मिळाले, तेव्हाच्या दराने तीस लाख रुपयांच्या वर.

पण तो पैसा पालिकेचा नाही, शेतकऱ्यांचा. आणि ५० लाख ही खरबुजाची किंमत नाहीच, ती जाहिरातीची किंमत आहे. पहिली पेटी घेणाऱ्याचं नाव देशभरच्या वाहिन्यांवर झळकतं. आपल्याकडे मार्केट यार्डात हापूसच्या पहिल्या पेटीची पूजा होते आणि तिला चढा भाव मिळतो, त्यातलाच प्रकार. त्या भावाने कोणी आमरस करत नाही. दुसऱ्या दिवसापासून खरबूज त्याच्या नेहमीच्या, तरीही चांगल्या दराला जातं. त्यातून शेतकऱ्यांची घरं नीट चालतात. शहराचा खड्डा भरायला मात्र खरबूज पुरत नाही.

गावच उठवून का नेलं नाही?

हा प्रश्न टोकियोत बसून सोपा वाटतो. आज युबारीत सात हजारांहून कमी लोक आहेत आणि निम्म्याहून जास्त पासष्टीच्या पुढचे. त्यांना हलवायचं कुठे, आणि खर्च कोणी करायचा?

झालं ते असं की गावाने आपलं अंग आक्रसून घेतलं. सुरुवातीला सांगितलेली ती दोरी आठवते? पंधरा घरांच्या चाळीत तीनच बिऱ्हाडं उरलेली, पण पाण्याची नळी तितकीच लांब, बर्फ काढायचा रस्ता तितकाच लांब. म्हणून विखुरलेल्या वस्त्यांतल्या लोकांना समजावून मध्यावरच्या शिमिझुसावा भागात नव्या घरांत आणायला सुरुवात झाली. म्हाताऱ्या माणसाला पन्नास वर्षांची खोली सोडायला सांगणं हे काम आराखड्यातल्या एका बाणाइतकं सरळ नसतं. पालिकेची माणसं पुन्हा पुन्हा जाऊन बसत. पुष्कळदा शेजारी सगळे एकत्र हलणार असतील तरच होकार मिळे.

रेल्वेचंही तसंच. १६ किलोमीटरची शाखा तोट्यात होती, आज ना उद्या जाणारच होती. सुझुकींनी २०१६ मध्ये स्वतःच रेल्वे कंपनीला सांगितलं: बंद करा, पण बदल्यात बस चालवायला मदत द्या. ७५ कोटी येन मिळाले. मार्च २०१९ च्या शेवटच्या दिवशी शेवटची गाडी गेली. सगळे डाव असे साधले नाहीत. बर्फाचा तो डोंगर आणि हॉटेलं धरून चार मालमत्ता २०१७ मध्ये पालिकेने २२ कोटी येनच्या आसपास विकल्या. त्या पुढे आणखी एका मालकाकडे गेल्या आणि २०२० च्या डिसेंबरात चालवणारी कंपनीच बुडाली.

मार्च २०२७ नंतर

हप्ता संपला की टोकियोकडची किल्ली परत येईल आणि वर्षाला २६० कोटी येनचा भार उतरेल. तरुण परत येतील का, हा भाग कोणत्याच वेळापत्रकात नाही.

जपानमध्ये विशीत पाऊल टाकणाऱ्यांसाठी दर जानेवारीत गावोगावी समारंभ असतो. मुली किमोनो घालून येतात, महापौर भाषण करतात. कायद्याने सज्ञान होण्याचं वय आता अठरा झालं, तरी बहुतेक गावं तो विसाव्या वर्षीच करतात. जानेवारी २००७ मध्ये युबारीच्या पालिकेकडे त्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा त्या वर्षीच्या मुलामुलींनी स्वतः वर्गणी जमवून तो केला. देशभरातून लोकांनी मदत पाठवली. जानेवारी २०२७ च्या समारंभाचा मान आहे तो एप्रिल २००६ ते मार्च २००७ मध्ये जन्मलेल्यांचा. गावाने दिवाळं जाहीर केलं त्याच आर्थिक वर्षातली ती मुलं. समारंभानंतर शेवटच्या हप्त्याला दोन महिने उरलेले असतील.